सखाचा दुसरा खेळ

अनंता पेंटर गेल्याची बातमी मला पेंढ्याच्या वखारीत कळली. खोपोलीला माल उतरवून रिकामा परतलेला टेंपोवाला दारातूनच ओरडला, "दामूशेठ, पेंटर गेला! सकाळी, चहा पिता पिता!" मी तेव्हा कोंडाण्याच्या एका माणसाशी गवताच्या भावावरून हुज्जत घालत होतो. त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तसाच उभा राहिला. मीही उभा राहिलो. मग त्याने जो भाव मागितला होता तो मी मुकाट्याने देऊन टाकला. वखारीतले हमाल एकमेकांकडे बघायला लागले, कारण असं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पण म्हणून मला रडू कोसळलं असं कुणी समजू नये. मला त्या क्षणी भांडायचं होतं... आणि ज्याच्याशी भांडायचं तो सकाळी चहा पिता पिता निघून गेला होता.

त्याच्या मातीला गेलो, मागे उभा राहिलो आणि परत आलो. त्यानंतर कर्जतला शोकसभा झाली, तिलाही गेलो. एकामागून एक वक्ते उठले. एक म्हणाला, पेंटरचा पहिला खेळ ही करमणूक होती, दुसरा खेळ ही कला. दुसरा म्हणाला, दुसऱ्या खेळाने गोरगरिबांचे डोळे उघडले. तिसऱ्याने तो खेळ पाहिलाच नव्हता, पण तो सगळ्यांत जास्त बोलला. हे दुसऱ्या खेळातलं ज्ञान पेंटरला कुठून मिळालं, हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो, पण माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी अनंताला ओळखणाऱ्यांकडून आठवणी मागवल्या तेव्हा मी कळवलं, लिहीन, पण गोड लिहिणार नाही. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाला अनंताने फसवलेलं नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगतो. अनंता दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागे कमळं काढायचा, आणि गावोगावच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. ही एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. एकदा कर्जतजवळच्या एका गावात नाटक होतं आणि नायकाचं काम करणारा गडी खोपोलीच्या कारखान्यातली पाळी संपवून येणार होता. तो आलाच नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. मागचा पडदा अनंतानेच रंगवलेला होता. त्यात एक झोपडी, एक आड, एक आंब्याचं झाड आणि दावं तोडलेला एक बोकड होता. अनंता पडद्यामागे गेला आणि तिथून ओरडला, "नायक नाय आला तर नाय आला! ज्याला यायचं त्यानं काठी घेऊन वर या. कशावर बी काठी ठेवा, मी सांगतो तिथं काय हाय!" एक पोरगेला शेतकरी वर गेला आणि त्याने आडावर काठी ठेवली. मागून आवाज आला, "आडात घागर पडलीय. काढशील तर कामाला येईल." त्याने बोकडावर काठी ठेवली. "बोकड म्हंतो, हात लावून बघ!" पुन्हा ठेवली. "बोकड म्हंतो, दोनदा झालं!" तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा अनंताने पडद्याच्या कडेने हात घालून त्या गड्याचं पागोटंच ओढून नेलं. असा तो खेळ सुरू झाला. नाटकाची आठवण कुणालाच राहिली नाही.

मी त्या गर्दीत होतो. आमची दोस्ती त्याआधीच काही वर्षांची. मी दुसऱ्याची जमीन कुळाने कसणाऱ्याचा मुलगा. पायात चप्पल नव्हती तेव्हा बैलबाजारात चाऱ्याच्या पेंड्या वाहत होतो, आणि दलाल लोक सौदे कसे करतात ते बघत बघत स्वतः दलाल झालो. मला कुणी बोट धरून शिकवलं नाही. बाजारातला सौदा तोंडाने होत नाही, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. एक पंचा हातांवर टाकायचा, खाली दोघांनी हात धरायचे आणि बोटांनी बोलायचं. कोणतं बोट धरलं, किती पेरं दाबली, तळव्यावर नख ओढलं की मूठ आवळली, यावर भाव ठरतो. तोंडाने दोघं पावसाच्या गप्पा मारतात. जनावराचा मालक शेजारी उभा असतो. त्याला पंचा दिसतो, बोटं दिसत नाहीत. सौदा झाला की त्याला सोयीचा आकडा सांगायचा. ही बाजाराची रीत. मी ती काढलेली नाही.

अनंताच्या आईला दुधासाठी गाय हवी होती. त्याच्याकडे पैसा बेताचा, म्हणून मी म्हटलं, चल, मी घेऊन देतो. बाजारात एक म्हातारी एक तांबडी गाय घेऊन आली होती. म्हातारीच्या वतीने बोलणारा दलाल माझ्या ओळखीचा. आम्ही पंच्याखाली बोललो, आणि गाय अनंताला अशा भावात मिळाली की वाटेभर तो हसत होता. घरी पोचल्यावर त्याच्या आईने गाईला ओवाळलं आणि मला जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर आम्ही दोघे उल्हास नदीच्या काठी जाऊन बसलो. तो म्हणाला, "दाम्या, काय बोल्लात रं तुमी पंच्याखाली? त्या म्हातारीला कायच कळलं नाय."

"ते सांगायचं नसतं."

"मला? मला सांगायचं नसतं?"

"तुलासुद्धा."

मग तो रुसला. चित्रकार माणूस, रुसला की बायकांसारखा रुसायचा. दोन खडे नदीत टाकले, तिसरा टाकला. शेवटी मी त्याचा हात धरला, त्यावर माझाच पंचा टाकला आणि बोट न् बोट शिकवलं. त्याच्या हाताला ते इतक्या पटकन आलं की मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "अनंता, हे कुणाजवळ बोलायचं नाही. ही माझी भाकरी आहे." तो म्हणाला, "आयची शपथ." मी त्याला शपथ घ्यायला सांगितली नव्हती. ती त्याची त्याने घेतली. आणि त्याच्या आईच्या हातचं जेवण अजून माझ्या पोटात होतं.

आता पहिल्या खेळाबद्दल. बोकडाचा पडदा गाजल्यावर मी अनंताला म्हटलं, "हे नुसतं हसवणं झालं. याला एक गोष्ट लाव. माणसाने एका पडद्यातून दुसऱ्यात गेलं पाहिजे, आणि जाताना त्याला काहीतरी शोधायचं असलं पाहिजे. लोक तिकीट काढून येतील." त्याने मान हलवली आणि पावसाळाभर दार लावून बसला. बाहेर आला तेव्हा पडद्यांची चळत तयार होती. गोष्ट साधी होती. सखा नावाचा एक गडी, बाजारात चारा वाहणारा, त्याच्या मालकाचा पोवळ्या बैल हरवतो. सखाला तो शोधायचा असतो. कर्जतच्या स्टेशनाबाहेरून तो निघतो, नदी ओलांडतो, भाताच्या खाचरांतून जातो आणि शेवटी कोंडाण्याच्या लेण्यात एका खांबाआड पोवळ्या त्याला सापडतो. खेळणाऱ्याने काठी ठेवायची. जी वस्तू सापडेल तिचा पुठ्ठ्याचा तुकडा त्याला मिळायचा. घुंगरू, दावं, गुळाचा खडा. तो तुकडा योग्य जागी चिकटवला की पुढचा पडदा. बोकड होताच. तो चुकीच्या जागी लावलेले पुठ्ठे खायचा, म्हणजे अनंता मागे ते खरोखर दाताने चावून परत द्यायचा. चावलेला पुठ्ठा हातात आला की गर्दीत हशा पिकायचा. शेवटी पोवळ्या सापडल्यावर सखा म्हणायचा, "चला, भाकर खाऊ!" आणि गर्दीसुद्धा त्याच्याबरोबर ओरडायची.

सखा डाव्या खांद्यावर झुकून चालायचा. मी तसाच चालतो. चाऱ्याच्या पेंड्यांनी खांदा तसा झालाय. सखा घासाघीस करताना कमरेवर हात ठेवून आधी आकाशाकडे बघायचा. ते माझं. लोकांनी ओळखायला फार वेळ लावला नाही. बाजारात पोरं मला "सखा, सखा" म्हणायला लागली, आणि मी चिडल्याचं दाखवायचो. मनात चिडलेलो नव्हतो. ज्या माणसाला कुणी कधी काही दिलं नाही, त्याचं चित्र काढून एका दोस्ताने त्याला जत्रेजत्रेत फिरवलं होतं आणि लोक त्याच्या बाजूने ओरडत होते. मीच जागा धरायचो, मीच गावच्या पंचांशी बोलायचो, तंबू मीच मारायचो. खोपोलीच्या कारखान्यातली माणसं पाळी संपवून यायची. डोंगरातली ठाकर बाया-माणसं गवत विकून झालं की यायची. कुणी बोकडाला चिडवायला पुन्हा पुन्हा काठी घ्यायचं. मला वाटतं, त्या वर्षांत आमच्या भागात सखाला न ओळखणारा माणूस नसेल.

लोक विचारायला लागले, पुढे काय? सखाचं लग्न झालं का? मालकाने त्याला बक्षीस दिलं का? अनंता नुसता हसायचा. मग एके दिवशी म्हणाला, दुसरा खेळ काढतोय. मी म्हटलं, दाखव. म्हणाला, "नाय. पडदा लागल्यावरच बघ. तुला बी काठी मिळंल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी जत्रेत सगळ्यात चांगली जागा धरली, बैलबाजाराला लागून. माझे बाजारातले दलाल मित्र मला नेहमी म्हणायचे, तुझा तो सखा आम्हाला एकदा दाखव. मी स्वतः जाऊन त्यांना आमंत्रण दिलं आणि पुढच्या रांगेत खुर्च्या टाकून बसवलं. मधल्या खुर्चीत आप्पा बसले. आप्पा म्हणजे आमच्या बाजारातले सगळ्यात जुने दलाल. ते हो म्हणाले की सौदा झाला, नाही म्हणाले की जनावर परत. त्यांना मी पान दिलं, चुना दिला, बाजूला उभा राहिलो.

पहिली काठी मंगळ्याने घेतली. मंगळ्या ठाकर, डोंगरातून गवत घेऊन येणारा, मोठा हजरजबाबी. पडदा उघडला. सखा आता दारात बसलेला, पांढरं धोतर, पायात करकरीत जोडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखा मोठा झाला! मंगळ्याने काठी ठेवली. सखा म्हणाला, "पानी आन." मंगळ्याने शोधून पाणी आणलं. सखा म्हणाला, "पंचा आन." त्यानेही आणला. गर्दीतून कुणी ओरडलं, "बोकड कुठाय रं?" मागून उत्तर आलं नाही. दुसऱ्या पडद्यावर रस्ता होता, चहाचं दुकान होतं, आणि तांबडी गाय घेऊन चाललेली एक म्हातारी. चहाच्या दुकानाच्या भिंतीवर कोळशाने काढलेले हातच हात होते. ते मी पाहिले आणि पुढच्या रांगेतल्या आप्पांकडे बघितलं... तरीही मला वाटलं, नाही, तो असं करणार नाही. गाय चालेना म्हणून मंगळ्याने तिला गूळ दाखवला, अगदी पहिल्या खेळात पोवळ्याला दाखवला होता तसा. गाय निघाली, लोक खूश. सगळ्यांना वाटत होतं, आपण सखाला मदत करतोय.

तिसरा पडदा म्हणजे बाजार. सखा आणि दुसरा एक दलाल समोरासमोर, माणसाएवढे, त्यांच्या हातांवर खराखुरा पंचा शिवलेला, आणि शेजारी गाय धरून तीच म्हातारी. खाली पडद्याला एक भोक. मंगळ्याने हात आत घातला. आतून अनंताने तो हात धरला असणार, कारण मंगळ्या दचकला, मग हसला. त्याने हात बाहेर काढला, आपल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, "आता दुसरा पडदा पुन्ना दाखव, पेंटर. त्या भिंतीवरची बोटं बघायची हायेत." दुसरा पडदा पुन्हा लागला. मंगळ्या एकेका हातावर काठी ठेवत गेला, आणि मागून अनंता मोठ्या आवाजात सांगत गेला, हे बोट म्हणजे इतके, हे पेर म्हणजे इतके, मूठ म्हणजे इतके. सगळ्या तंबूसमोर. आयाबाया आपल्या मांडीवर बोटं दुमडून बघायला लागल्या. मंगळ्या तिसऱ्या पडद्याकडे आला, पुन्हा हात घातला, आणि मग म्हातारीच्या चित्राकडे वळून ओरडला, "ए आये, गाय घिऊन घरी जा! ह्यो सखा तुला लुटतोय!" आणि खेळ संपला. "चला, भाकर खाऊ" कुणी म्हटलं नाही. सखा काहीच बोलला नाही.

तंबूत एकच गोंधळ उडाला. खोपोलीचा एक कामगार उभा राहून ओरडला, "ही काय फसवणूक हाय! आमी त्याच्यासाठी पानी आनलं, पंचा आनला, आन् तो चोर निघाला?" दुसरा म्हणाला, "पयल्यात हसून हसून पोट दुखायचं. ह्यो खेळ हाय का शाळा?" एक शिक्षक म्हणाले, "अरे, पडदे बघा, काय रंग आहेत! पहिल्यापेक्षा शतपटीने सरस!" चहावाला म्हणाला, "सरस कशाचं? अर्ध्या पडद्यावर काठी ठेवा तर मागून आवाजच नाय. त्यापरीस बोकड बरा!" मागच्या बाजूला ठाकर बसले होते. ते उठले, बाहेर गेले आणि झाडाखाली बसून एकमेकांच्या हातांवर बोटं दाबून बघायला लागले. मंगळ्या त्यांच्यात मधोमध.

आप्पा उठले. धोतराचा सोगा झटकला, पान थुंकलं, माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जागा झकास धरलीस रं दामू." एवढंच. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कधी हात मिळवला नाही. आप्पांनी नाही म्हणजे कुणीच नाही. मी बाजारात गेलो की पंचे खांद्यावरून निघतच नसत. कुणी तोंडावर शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. पण सगळे राम राम करत होते, चहा पाजत होते, आणि हात खिशात ठेवत होते. दलालाचा हात कुणी धरेना म्हणजे त्या माणसाने घरी जावं. मी गेलो.

त्या दिवशी तंबूमागे मी अनंताला गाठलं होतं. तो ब्रश धूत होता. मी म्हटलं, "माझी भाकरी विकलीस."

"विकली नाय रं. उघडी केली."

"शपथ कुणाची घेतली होतीस? बोल, कुणाची?"

तो ब्रश धूतच राहिला. मग म्हणाला, "दाम्या, तू मला बोटं शिकवलीस आन् त्या दिसापासनं मला कळलं, आमच्या गोठ्यात काय बांधलंय. आय रोज सकाळी दुधाचा पेला पुढं करती, आन् मला ती म्हातारी दिसती."

"मग गाय परत द्यायची होतीस!"

"म्हातारी कुठली, ते तुला तरी ठाव हाय?"

"मला काय करायचंय? तुला दिसते ना? मग शोधायची. बैल शोधायला सखाला सगळं कर्जत फिरवलंस!"

"ती नाय घावली. म्हणून ह्यो खेळ काढला."

"आणि त्यात तोंड कुणाचं काढलंस? दूध तू प्यालास, अनंता. पश्चात्ताप तुझा आणि काळं तोंड माझं!"

त्याने ब्रश झटकून डब्यात ठेवले. याचं उत्तर आजही कुणाकडे असेल तर मला कळवावं. मी वकील केला नाही, पंच बोलावले नाहीत, त्याच्या पडद्यांना हात लावला नाही. त्याने माझ्यासाठी इतकं तरी करायला हवं होतं, सखाऐवजी दुसरं कुणाचंही तोंड काढायला हवं होतं. स्वतःचं काढायला हवं होतं. गाय घेताना तो माझ्या शेजारी उभा राहून हसत होता. ते हसणारं तोंड त्याने कुठल्याच पडद्यावर काढलं नाही. शपथ मोडली की ज्याची घेतली तो माणूस मरतो असं म्हणतात. त्याची आई पुढे पुष्कळ जगली. त्याचा मला आनंदच आहे. ती मला वाटेत दिसली की विचारायची, "दामू, जेवायला येत नाहीस का रे?" तिला मी काय सांगणार होतो...

मी पेंढ्याच्या धंद्यात शिरलो. पुन्हा पहिल्यापासून. डोंगरातलं गवत आणि खालचा पेंढा घ्यायचा, गठ्ठे बांधायचे, मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. वखार उभी केली, मुलांची शिक्षणं केली. हेही कुणी मला दिलेलं नाही. अनंता दुसरा खेळ घेऊन वाड्यावाड्यांवर फिरत राहिला. तंबू नाही, खुर्च्या नाहीत, दोन झाडांना पडदा बांधायचा. पहिला खेळही जत्रेत लागायचा. आणि वाद मिटला नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, आमच्या भागात अजून हे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पेंटरने सखाची माती केली, पहिल्यावरच थांबायला हवं होतं. दुसरा म्हणतो, पहिला पोरांचा, दुसरा माणसांचा. माझ्या धाकट्या मुलाने कुठल्याशा वाडीवर चोरून दुसरा खेळ पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, "बाबा, चांगला आहे." त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही. माझ्या बायकोचं म्हणणं, दोन्ही खेळ एकाच माणसाने काढलेत, मग एक गोड आणि एक कडू का म्हणता? ती असं बोलते तेव्हा मी वखारीत निघून जातो.

अनंताची आणि माझी शेवटची भेट कर्जत स्टेशनावर, वड्याच्या गाडीपाशी झाली. तो म्हातारा झाला होता. नखांत रंग तसाच. आम्ही दोघेही एकाच गाडीपुढे, एकाच वेळी, पळून जायला वाट नव्हती. वडा खाता खाता तो म्हणाला, "तिसरा काढू का रं?"

मी म्हणालो, "कुणाच्या भाकरीवर?"

तो हसला. हसता हसता खोकला लागला. वडेवाल्याने पाणी दिलं. अनंताने वड्याच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली, कागद फुकट घालवायची त्याला सवय नव्हती, आणि म्हणाला, "दाम्या, सखा मला पयल्यापासून आवडतो. म्हणून तर दुसऱ्या खेळाच्या शेवटी त्याला बोलतं केलं नाय." गाडी आली. तो चढला. मी माझ्या कामाला गेलो. त्या वाक्याचा अर्थ काय, यावर मी नंतर पुष्कळ डोकं चालवलं. मला वाटतं, ऐकायला चांगलं वाटतं म्हणून तो ते बोलला. चित्रकार लोक असंच बोलतात.

आता शोकसभेनंतरची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली एक ठाकर बाई गवताचे भारे घेऊन वखारीत आली. पंचविशीची असेल. मी भाव सांगितला. तिने कमरेवर हात ठेवला, तोंडाने काही बोलली नाही, आणि उजवा हात उंच करून माझ्या तोंडासमोर बोटं धरली. पंचा नाही, आडोसा नाही, भर उन्हात. आमच्याकडे गवत विकणारे आता सगळे असेच करतात. आधी मला फार राग यायचा. अजूनही येतो. मी माझी बोटं धरली. तिने मान हलवली आणि पुन्हा हात वर केला, या वेळी करंगळी दुमडून, अंगठ्याखाली दाबून.

मी म्हटलं, "असं कुणी शिकवलं गं?"

"आयनं."

"आणि आईला?"

"पेंटरनं. गेला म्हनं तो. दुसरा खेळ लय बेस व्हता त्याचा."

"पहिला बेस होता."

"पयल्यात हसाया यायचं," ती म्हणाली. "दुसऱ्यात आमचं काम झालं. बोला, देताय का?"

मी तिच्या हाताकडे बघत होतो. बाजारात दुसरा कुठलाही दलाल तो आकडा असा दाखवत नाही. चांगल्या हाताने तो सरळ बोटांनी दाखवायचा असतो. माझी करंगळी तरुणपणी एका मारक्या बैलाच्या दाव्यात चेंगरली, ती तेव्हापासून सरळ होत नाही, म्हणून मी ती अंगठ्याखाली दाबतो. नदीकाठी पंच्याखाली अनंताने धरला होता तो हा हात. त्याने तो जसाच्या तसा पडद्यावर उतरवला, वाडीवाडीला नेला, आणि आता कर्जत-खालापुरातल्या डोंगरातले हे सगळे लोक धडधाकट करंगळ्या मोडून माझ्याशी घासाघीस करतात.

"अगं, करंगळी दुमडायची गरज नाही," मी म्हणालो. "सरळ धर."

"मंग त्यो भाव व्हत नाय," ती म्हणाली. "उगा गंडवू नका, शेठ."

मी आकाशाकडे पाहिलं. मग माझी वाकडी करंगळी अंगठ्याखाली दाबून हात वर केला, आणि तिने मान डोलावली.